नामिबियात तंबूवाली हायलक्स भाड्याने घेऊन फिरलो: गाडी, कंपनी आणि रस्ते यांचा सविस्तर रिव्ह्यू

नामिबियाला जायचं ठरलं की लोक आधी इटोशाचे सिंह आणि सोसुसव्लेच्या लाल टेकड्यांचे फोटो बघतात, मग राहायची ठिकाणं शोधतात, आणि गाडी सगळ्यात शेवटी जिथे स्वस्त मिळेल तिथून बुक करून मोकळे होतात. माझं मत बरोब्बर उलट आहे. या देशात गाडी हीच तुमची झोपायची खोली, हेच स्वयंपाकघर, आणि मदत लांब असेल तेव्हा मदतही तीच. म्हणून गाडी देणारी कंपनी आधी ठरवा आणि भाडं विचारायच्या आधी दोन प्रश्न विचारा, टायर किती जुने आहेत आणि गाडी ताब्यात देताना आम्हाला किती वेळ देणार. या दोन उत्तरांवरून कंपनी कशी आहे ते कळतं, बाकी वेबसाईटवरचे फोटो सगळ्यांचे सारखेच असतात.

आम्ही चौघं होतो, मी, नवरा, थोरले दीर आणि जाऊबाई. गाडी राजधानी विंडहुकच्या एका छोट्या स्थानिक कंपनीकडून घेतली. नाव देत नाहीये, कारण तिथे अशा बऱ्याच कंपन्या आहेत, पद्धत साधारण सारखीच असते, आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीकडून गाडी घेताना उपयोगी पडेल.

गाडी म्हणजे टोयोटा हायलक्स, डबल कॅब, डिझेल, मॅन्युअल गिअर, छतावर दोन घडीचे तंबू, मागच्या डब्यात दुसऱ्या बॅटरीवर चालणारा फ्रीज, गॅसचा छोटा सिलेंडर आणि शेगडी, टेबल, खुर्च्या, भांडी, उशा-पांघरुणं, पाण्याची टाकी, फावडं, हवा भरायचा कॉम्प्रेसर, प्रेशर बघायचं गेज आणि दोन स्टेपन्या. दोन स्टेपन्या हा शब्द अधोरेखित करा. एक स्टेपनी देणारी कंपनी मिळाली तर नम्रपणे नाही म्हणा आणि पुढची बघा. भाडं सीझनमध्ये दिवसाला साधारण अडीच हजार नामिबियन डॉलर पडलं, एक नामिबियन डॉलर म्हणजे अंदाजे पाच रुपये धरा, वर पूर्ण इन्शुरन्सचे वेगळे. आकडा ऐकून मोठा वाटतो पण चौघांची राहायची सोय आणि फिरायची सोय त्यातच आहे, कॅम्पसाईटचं भाडं फक्त वेगळं, आणि लॉजमध्ये चौघं राहिलो असतो तर याच्या कितीतरी वर गेलं असतं.

देश केवढा आहे ते आधी डोक्यात नीट बसवा, कारण सगळं प्लॅनिंग त्यावर आहे. नामिबियाचं क्षेत्रफळ सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून जास्त, आणि लोक किती, तर २०२३ च्या जनगणनेप्रमाणे जेमतेम ३० लाख. आपल्या एकट्या पुणे शहराची लोकसंख्या २०११ मध्येच ३१ लाख होती. त्यामुळे नकाशावर गाव म्हणून जो ठिपका दिसतो तिथे कधीकधी एक पेट्रोल पंप, एक दुकान आणि चार झाडं एवढंच असतं, आणि त्याच्या पुढचा ठिपका शंभर किलोमीटरवर. मुख्य रस्ते, म्हणजे बी १, बी २ वगैरे, डांबरी आणि सुरेख आहेत. पण बघण्यासारखं जे काही आहे ते बहुतेक सी आणि डी नंबरच्या रस्त्यांवर, आणि ते बव्हंशी खडीचे.

आपल्याकडून जाणाऱ्याला दोन गोष्टी फार सोप्या जातात, एकतर गाडी डावीकडून चालवायची, स्टिअरिंग उजवीकडे, सगळं आपल्यासारखंच, आणि दुसरं म्हणजे इंग्रजी सरकारी भाषा आहे त्यामुळे पाट्या, पोलीस, पंपवाले, कुठेच अडत नाही. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट मात्र निघायच्या आधी आरटीओतून काढून घ्या, हजार रुपये फी आहे, एक वर्ष चालतं. मोठ्या गावांच्या तोंडाशी पोलीस चौक्या असतात, तिथे पूर्ण थांबायचं, लायसन्स आणि परमिट दाखवायचं, हसून नमस्कार करायचा आणि पुढे. आम्हाला एकदाही कुणी त्रास दिला नाही.

आता गाडी ताब्यात घेण्याबद्दल, कारण या रिव्ह्यूतले माझे सगळ्यात जास्त मार्क तिथे आहेत. कंपनीचा माणूस आम्हाला विमानतळावरून घेऊन गेला, विमानतळ शहरापासून चाळीसेक किलोमीटर लांब आहे, आणि त्याने जवळजवळ दोन तास आमच्यावर घालवले. घाई नाही, सह्या घ्या आणि निघा असं नाही. आधी तंबू उघडून दाखवला, मग आमच्याकडून उघडून-मिटून घेतला. मग जॅक काढला आणि म्हणाला आता एक चाक तुम्ही काढा. नवरा पुढे झाला तर त्याला थांबवून मला म्हणाला, गाडी तुम्ही पण चालवणार ना, मग तुम्ही काढा. जाऊबाई बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, "अगं जोर लाव, नट तुला बघून नाही सुटणार." काढलं आणि लावलंसुद्धा. मग फोर बाय फोर कधी लावायचं, लो रेंज (जास्त ताकद, कमी वेग देणारा गिअर) कधी, फ्रीजची वायर कुठे, दुसरी बॅटरी चार्ज होतेय हे कसं ओळखायचं, आणि सगळ्यात शेवटी टायरच्या हवेचा एक कागद स्टिअरिंगजवळ चिकटवून दिला, डांबरी रस्त्याला इतकी, खडीला इतकी, वाळूत इतकी.

हा कागद म्हणजे सोनं. खडीच्या रस्त्यावर हवा थोडी कमी ठेवली की टायर दगडावर जरा दबतो, कापला जाण्याची शक्यता कमी होते, गाडीची पकड वाढते आणि हादरेही कमी बसतात. खडीवर चाकांच्या मारानेच आडव्या बारीक लाटा तयार होतात, त्यावरून गाडी गेली की दात वाजतात, स्क्रू ढिले होतात, मागच्या डब्यातले कांदे-बटाटे एकमेकांत मिसळतात. ग्रेडर, म्हणजे पातं लावलेलं मोठं यंत्र, अधूनमधून येऊन रस्ता सपाट करतो, ग्रेडर नुकताच गेलेला रस्ता मिळाला तर मजाच, नाही मिळाला तर सावकाश चालायचं. पिकअप असल्यामुळे मागच्या सीटवर जास्त बसतं, म्हणून दर तासाने मागची-पुढची माणसं बदला.

वेगाबद्दल सांगते आणि हे कृपया गंभीरपणे घ्या. कायद्याने खडीवर १०० ची मर्यादा आहे पण कंपनीची मर्यादा ८० ची, गाडीत ट्रॅकर असतो, ८० च्या वर गेलं की बीप वाजते आणि नोंद होते, आणि त्या नोंदीवर इन्शुरन्स रद्द होऊ शकतो. सुरुवातीला वाटतं समोर दहा किलोमीटर सरळ मोकळा रस्ता, एक माणूस नाही, गाडी नाही, ८० कशाला. पण छतावर दोन तंबूंचं वजन आहे, खाली सुटी खडी आहे, वळणावर जरा जोरात स्टिअरिंग फिरवलं किंवा कचकन ब्रेक दाबला की मागची बाजू सरकते आणि घाबरून उलटं फिरवलं की गाडी सरळ आडवी. तिथे पर्यटकांचे अपघात बहुतेक असेच होतात, दुसरी गाडी आसपास नसताना. आम्ही ७० च्या आसपासच ठेवलं. समोरून गाडी आली की वेग अजून कमी करायचा, लाईट दिवसाही चालू ठेवायचे, कारण तिची धूळ उठली की पुढचं काही दिसत नाही आणि दगड उडून काचेवर येतात. आमच्या काचेवर एक टिकली आलीच, ती इन्शुरन्समध्ये बसली.

आणि अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. कुडू नावाचं मोठं हरीण आहे, घोड्याएवढं, ते संध्याकाळनंतर रस्त्यावर येतं आणि लाईट बघून गाडीसमोरच उडी मारतं. बऱ्याच कंपन्यांचा इन्शुरन्स गावाबाहेर रात्री लागू नसतो, करारात वाचून घ्या. म्हणून गुगल मॅप जो वेळ दाखवेल त्यात निदान तिसरा हिस्सा मिळवा, ३५० किलोमीटरचा टप्पा म्हणजे सकाळी निघून दुपार कलता पोचणं, त्याहून जास्त खडी एका दिवसात घेऊ नका. फोनची रेंज गावांतच, म्हणून मॅप ऑफलाईन उतरवून ठेवा. डिझेलची टाकी अर्धी झाली की जिथे पंप दिसेल तिथे भरा, पंपावर माणूस येऊन भरतो, काच पुसतो, टायर बघतो, त्याला पाच-दहा डॉलर द्यायची पद्धत आहे. जवळ रोख ठेवा, आडबाजूच्या पंपावर कार्ड मशीन चालेलच असं नाही. दक्षिण आफ्रिकेचा रँड तिथे त्याच भावाने चालतो पण नामिबियन डॉलर बाहेर कुणी घेत नाही, ते संपवूनच परत या.

पहिला मोठा टप्पा सेसरीम, सोसुसव्लेचं दार. इथे कॅम्पसाईट पार्कच्या आत घ्यायची, नामिबिया वाइल्डलाइफ रिसॉर्ट्स (एनडब्ल्यूआर) या सरकारी कंपनीची आहे ती, कारण बाहेरचं गेट सूर्योदयाला उघडतं पण आत राहणाऱ्यांना त्याच्या आधी निघता येतं, आणि पहाटेची ती पाऊण-एक तासाची आघाडी म्हणजे टेकड्यांवर उजेड पसरताना तुम्ही तिथे असता. साठेक किलोमीटर डांबरी रस्ता, मध्ये ड्यून ४५, आणि शेवटचे चार-पाच किलोमीटर मऊ खोल वाळू. साध्या गाडीवाल्यांनी तिथे गाडी लावून शटलने जायचं. आम्ही हवा कागदाप्रमाणे उतरवली, फोर बाय फोर लावलं, दिरांनी चालवली, मध्ये थांबायचं नाही आणि स्टिअरिंगशी भांडायचं नाही एवढंच पाळलं आणि गाडी एखाद्या बोटीसारखी डुलत आरामात पार झाली. आजूबाजूला दोन गाड्या रुतलेल्या होत्या आणि दोन्हींचे टायर टम्म फुगलेले होते.

पुढे डेडव्ले. पांढऱ्या कोरड्या मातीचं तळं, त्यात शेकडो वर्षांपूर्वी वाळलेली काळी झाडं तशीच उभी, कारण टेकड्यांनी नदीचं पाणी अडवलं आणि हवा इतकी कोरडी की लाकूड कुजलंसुद्धा नाही. मागे बिग डॅडी ही सव्वातीनशे मीटरची वाळूची टेकडी. हा सगळा नामिब वाळूसमुद्र २०१३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मी तिथे जेवढा वेळ बसले तेवढा वेळ कुणी 'चला' म्हणालं नाही, आणि स्वतःच्या गाडीने येण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला तिथे कळला.

तंबूबद्दल. उघडायला दहा मिनिटं, मिटायला पंधरा, गादी चांगली जाड, दोन माणसं व्यवस्थित झोपतात. पण शिडीने चढ-उतार आहे आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी विचार करा. जाऊबाईंना रात्री दोनदा उतरावं लागलं की त्रास व्हायचा, मग किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंडपासून आम्ही मध्येमध्ये खोली घेतली. काही कंपन्या जमिनीवरचा तंबू पण देतात, आधी मागा. पांघरुणं आमच्या कंपनीने पातळ दिली होती आणि तिथे जून ते ऑगस्ट थंडी असते, सेसरीमला रात्री पारा शून्याच्या आसपास जातो, जाड रजई मागून घ्या किंवा घरून थर्मल न्या. इथे मी मार्क कापते.

जेवण आम्ही बहुतेक स्वतः केलं. विंडहुक आणि स्वाकोपमुंडच्या सुपरमार्केटमध्ये तांदूळ, डाळी, भाज्या, दही सगळं मिळतं. मी घरून तीन लिटरचा कुकर, गोडा मसाला आणि मेतकूट नेलं होतं, कुकर गाडीच्या सामानात नसतो, तो नेलाच पाहिजे. संध्याकाळी खुर्च्या मांडून मूग डाळीची खिचडी आणि पंपावर विकत मिळणाऱ्या लाकडांवर भाजलेली वांगी, सगळेजण भरपूर जेवले. आणि कॅम्पसाईटवर गरम पाण्याला लाकडावर तापणारी टाकी असते, तिकडे तिला डाँकी म्हणतात, ती म्हणजे आपला बंबच. दिरांनी पहिल्याच संध्याकाळी तिचा ताबा घेतला. मांसाहारी मंडळींसाठी एक सूचना, देशाच्या उत्तर भागातून दक्षिणेकडे येताना जनावरांच्या रोगांसाठी आखलेली एक तपासणी रेषा आहे, तिथे कच्चं मांस काढून घेतात, तेव्हा जास्तीचं घेऊन ठेवू नका.

आता तक्रार. सेसरीमहून निघालो त्या दिवशी फ्रीज थंड करेना. सोलिटेअरला थांबलो तेव्हा दही गेलेलं होतं. कंपनीला फोन लावला, पहिल्या वेळी कुणी उचलला नाही, दुसऱ्या वेळी उचलला आणि सांगितलं की स्वाकोपमुंडला अमुक वर्कशॉपमध्ये जा. दुरुस्ती तासाभरात झाली, दुसऱ्या बॅटरीची एक वायर हादऱ्यांनी सैल झाली होती, पैसे त्यांनीच दिले, पण वाया गेलेल्या सामानाचं विचारलं तर विषय बदलला. मला म्हणायचंय की खडीच्या देशात गाडी देता तर ती वायर प्रत्येक गिऱ्हाईकाच्या आधी तपासायला हवी. तुम्ही पण रोज संध्याकाळी फ्रीजची वायर आणि तंबूचे बोल्ट हाताने हलवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

सोलिटेअर ते वॉल्विस बे हा सी १४ चा रस्ता मला स्वतःला फार आवडला, मकरवृत्ताची पाटी लागते, गाउब आणि कुइसेब या दोन खिंडी लागतात, आणि मग सपाट राखाडी वाळवंट संपून एकदम समुद्राचं धुकं. बेंग्वेलाच्या थंड प्रवाहामुळे किनाऱ्यावर कायम गार असतं, आत ३५ डिग्री आणि तासाभराने स्वेटर. वॉल्विस बेच्या खाजणात फ्लेमिंगो, वर केप क्रॉसला हजारो सील, वास सहन करायची तयारी ठेवा. स्वाकोपमुंड जर्मन काळातल्या इमारतींचं गाव, एक-दोन दिवस कपडे धुवायला आणि अंग सरळ करायला उत्तम.

पंक्चर आम्हाला स्पिट्झकोपेच्या पुढे डामारालँडात झालं. उन्हात, रस्त्यावर चिटपाखरू नाही. जॅकखाली ठेवायची फळी गाडीत होती, मऊ जमिनीत ती नसेल तर जॅकच खाली जातो, आणि आधी करून घेतलेला सराव असल्यामुळे कुणी गोंधळलं नाही. चाक बदलत असताना लांबून धूळ दिसली, एक बक्की (तिकडे पिकअपला बक्की म्हणतात) थांबली, आतल्या शेतकऱ्याने काही न विचारता नट आवळून दिले, पाणी आहे का विचारलं आणि निघून गेला. तिथे थांबलेल्या गाडीजवळ प्रत्येकजण थांबतो, तुम्हीही थांबा. दुसरी स्टेपनी शिल्लक होती म्हणून ट्वाइफेलफॉन्टेनची दगडावरची कोरीव चित्रं निवांत बघता आली, नाहीतर तिथून उलटं फिरून आधी पंक्चरवाला शोधावा लागला असता. खोरिक्सासला पंक्चर काढून घेतलं.

आणि इटोशा. इथे मी थोडी जास्त लिहिणार. १९०७ मध्ये राखीव झालेलं जंगल, २२ हजार चौरस किलोमीटरच्या वर, मधोमध मिठाचं पांढरं कोरडं तळं साधारण ४८०० चौरस किलोमीटरचं. आपण ताडोब्याला गेलो की जिप्सी आणि गाईड सक्तीचा, वेळ ठरलेली, एका पाणवठ्यावर पाच मिनिटं आणि पुढे चला. इथे स्वतःची गाडी, वेग ६० च्या आत, गाडीतून खाली उतरायचं नाही, आणि सूर्यास्ताच्या आत कॅम्पच्या गेटमध्ये, एवढंच पाळायचं. मग तुम्ही एका पाणवठ्यावर तीन तास बसा. आम्ही नेब्राउनीला असेच बसलो, आधी झेब्रे, मग लांब सरळ शिंगांची ओरिक्स हरणं, मग सगळे अचानक बाजूला झाले आणि हत्तींचा कळप आला, इथल्या चुन्याच्या मातीने ते अक्षरशः पांढरे दिसतात. पिल्लू पाण्यात घसरलं तर दोन हत्तिणींनी मिळून त्याला बाहेर घेतलं. दुसरी गाडी दहा मिनिटं थांबून निघून गेली होती, त्यांच्याकडे टूरवाला होता. हायलक्सची सीट उंच असल्यामुळे गवतावरून दिसतं, हा छोट्या कारपेक्षा मोठा फायदा.

रात्री ओकाकुएयो कॅम्पचा दिवे लावलेला पाणवठा आहे, कॅम्पमधून चालत जायचं, बाकावर बसायचं. काळे गेंडे येतात. आम्हाला एका रात्री गेंड्याची मादी आणि पिल्लू दोन्ही दिसलं, जाऊबाई थर्मॉसमधला चहा हातात धरून तशाच बसून राहिल्या, पिल्यासुद्धा नाहीत. मे ते ऑक्टोबर कोरडा काळ, त्यातही ऑगस्टनंतर पाणी कमी होतं तसे प्राणी पाणवठ्यावर गोळा होतात, तेव्हाच जा. कॅम्पमध्ये कोल्हे जेवणाच्या टेबलाखाली येतात, चपला आणि खाणं बाहेर ठेवू नका. आपल्या कुनोमध्ये १७ सप्टेंबर २०२२ ला जे पहिले आठ चित्ते आणले ते याच देशातून आले, परतीच्या वाटेवर ओत्जिवारोंगोच्या आसपासची ती मोकळी कुरणं बघितली की चित्त्याला जागा केवढी लागते ते डोळ्यांना कळतं.

इन्शुरन्सबद्दल थोडक्यात पण नीट वाचा. साध्या पॅकेजमध्ये मोठी रक्कम तुमच्या डोक्यावर राहते, वरच्या पॅकेजमध्ये ती शून्यावर येते. पण शून्य लिहिलं तरी टायर, काच, गाडीचा तळ, वाळूच्या वादळाने खरवडलेला रंग, पाण्यात घातलेली गाडी आणि दुसरी गाडी नसताना झालेली पलटी, हे सहा मुद्दे त्यात आहेत की नाहीत ते एकेक करून ईमेलवर लिहून घ्या. आमच्यात टायर आणि काच होते, तळ नव्हता. दुसरा ड्रायव्हर करारात लिहून घ्या, आमची तीन नावं होती.

गाडी परत देताना त्यांनी अर्धा तास तपासणी केली, पंक्चरचा टायर बघितला, काच बघितली, एक चमचा कमी भरला तो मोजला नाही. डिपॉझिटचा कार्डवरचा ब्लॉक मात्र सुटायला सांगितल्यापेक्षा बरेच जास्त दिवस लागले, दोनदा ईमेल करावी लागली.

माझ्याकडून गाडीला पाचपैकी पाच, ताब्यात देण्याच्या पद्धतीला पाच, देखभाल आणि फोनला तीन, पांघरुणांना दोन. परत गेले तर याच कंपनीकडे जाईन, फक्त फ्रीजची वायर स्वतः उघडून बघितल्याशिवाय आवाराच्या बाहेर पडणार नाही. ज्यांना फक्त इटोशा, स्वाकोपमुंड आणि सोसुसव्ले एवढंच करायचंय आणि खोल्यांतच राहायचंय त्यांना जरा उंच अशी साधी एसयूव्ही पुरते, शेवटच्या वाळूसाठी शटल आहेच, पैसे वाचतील. पण डामारालँड आणि तंबू हवा असेल तर फोर बाय फोरच. बुकिंग करताना आधी सेसरीम आणि ओकाकुएयोच्या कॅम्पसाईटच्या तारखा पक्क्या करा, सीझनमध्ये त्या कित्येक महिने आधी भरतात, त्याच दिवशी गाडीही पक्की करा आणि विमानाचं तिकीट त्या तारखांना जुळवून काढा. मुंबईहून थेट विमान नाही, अदिस अबाबा किंवा जोहान्सबर्गमार्गे जावं लागतं. पोचल्या दिवशी लगेच गाडी घेऊन लांब निघू नका, एक रात्र विंडहुकमध्ये झोपा, सकाळी ताज्या डोक्याने ते दोन तासांचं शिकवणं ऐका आणि मग निघा.